न पाहिलेला सेकंड बेस

मी पाहिलं नव्हतं आणि तरी आऊट दिला. माझी चूक एवढीच आहे. एका मुलीचा पाय दुसऱ्या बेसवर पडला की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मला विचारण्यात आलं आणि मी मूठ वर करून, खणखणीत आवाजात, सगळं मैदान ऐकेल असं सांगितलं की नाही पडला.

आता हे लिहिताना हात आखडत नाही. जिला सांगायचं होतं तिला सांगून झालं आहे, तेही चारचौघांत. त्या संध्याकाळी घरी येऊन मी इतकं जेवलो की बायको म्हणाली, "काय हो, शिबिरात जेवायला दिलं न्हाई का कोणी?" दिलं होतं. पण अशी भूक मला फार दिवसांत लागली नव्हती.

मी जालन्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमच्याकडे क्रीडाशिक्षकाला शाळेतली घंटा, कवायत, पंधरा ऑगस्ट आणि उनाड पोरं एवढं सांभाळून वर कुठल्या तरी खेळाची पंचगिरीही करावी लागते. माझ्या वाट्याला सॉफ्टबॉल आला. आमच्या भागातल्या शाळांमधून हा खेळ बराच खेळतात, मुली तर मुलांपेक्षा जास्त मन लावून खेळतात. पण ज्यांनी तो कधी पाहिलाच नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, नाहीतर माझी चूक काय होती ते कळायचं नाही.

मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. चेंडू मारायचा, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसवर पाय ठेवत पळायचं आणि चौथ्यावर, म्हणजे होम प्लेटवर, परत यायचं. मग एक रन. जीव घेऊन पळताना कधी कधी मधला एखादा बेस सुटतो. पाय त्याच्या बाजूने जातो, किंवा वरून जातो. आणि इथे या खेळाचा एक नियम आहे, जो मला शिकताना फार विचित्र वाटला होता. बेस सुटलेला अंपायरला अगदी स्वच्छ दिसला तरी अंपायरने बोलायचं नाही. हात हलवायचा नाही. त्या बेसकडे टक लावून बघायचंसुद्धा नाही, कारण चलाख खेळाडू अंपायरच्या नजरेवरून ओळखतात. फिल्डिंग करणाऱ्या संघातल्या कोणाच्या ते ध्यानात आलं, तिने चेंडू हातात घेऊन त्या बेसवर पाय ठेवला आणि "सर, हिनं हा बेस सोडला" असं सांगितलं, तरच अंपायरने तोंड उघडायचं. याला अपील म्हणतात. पुढचा चेंडू टाकला गेला की अपिलाची वेळ संपली. शेवटचाच डाव असेल तर दोन्ही संघ आणि अंपायर मैदानातून जायच्या आत. त्यानंतर कोणी कितीही बोंबललं तरी ती रन पक्की.

लोकांना हे पटत नाही. एकदा परतूरकडच्या एका गावात सामना होता. तिथे बेस म्हणजे वाळू भरून, वरून चुना फासलेली पोती. एका मुलीचा तिसरा बेस सुटला. मला दिसला, फिल्डिंगमधल्या एकाही पोरीला दिसला नाही आणि कडेला बसलेल्या एका आजोबांना दिसला.

"ओ सर! त्या पोरीनं पोतं सोडलं की! झोपून राह्यले का तुम्ही?"

मी त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, "आजोबा, कोणी विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही."

"मंग मी काय करून राह्यलो? विचारूनच राह्यलो ना!"

"तुम्ही खेळत नाही ना. खेळणाऱ्यानं विचारायला पाहिजे."

"असं? मंग आणा तो हातमोजा इकडं," म्हणत आजोबा धोतर सावरत खरंच उठले. त्यांना खाली बसवायला सरपंचांना यावं लागलं.

हा झाला अंपायरने पाहिलं आणि कोणी विचारलं नाही असा प्रसंग. त्याच्या उलटही होऊ शकतं. विचारलं जातं आणि अंपायरने पाहिलेलंच नसतं. त्याचं उत्तर सोपं आहे. सेफ. बेस सुटलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल तरच आऊट, नाहीतर पळणाऱ्याच्या बाजूने निर्णय. मला हा नियम त्या दिवशीही पाठ होता. त्यामुळे नियम माहीत नव्हता असं म्हणायची सोय मला नाही.

शालेय मुलींच्या जिल्हा स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. मी तेव्हा अंपायर म्हणून नवा होतो. मी मैदानात बेसजवळ असायचो; प्लेटमागे उभे राहणारे सर वयाने मोठे होते, जिल्ह्यात त्यांचा दरारा होता. सकाळच्या सामन्यात पहिल्या बेसवर धूळ उडाली, दोन पोरी एकमेकींवर आदळल्या, आणि चेंडू आधी आला की पाय, ते मला दिसलं नाही. मी प्लेटमागच्या सरांकडे जाऊन प्रामाणिकपणे म्हणालो, "सर, मला दिसलं नाही. तुम्हाला दिसलं का?"

ते सगळ्यांना ऐकू जाईल असे हसले.

"दिसलं न्हाई? मंग तुला तिथं काय बुजगावणं म्हणून उभं केलं का रे?"

दोन्ही संघांच्या पोरी हसल्या. त्यांचे शिक्षक हसले. ते सगळे माझ्यासारखेच क्रीडाशिक्षक, पुढच्या महिन्यात माझ्या शाळेच्या सामन्याला हेच पंच असणार. चहाच्या वेळी सरांनी मला बाजूला घेतलं. बोलणं चिडून नव्हतं, माया होती त्यात.

"ध्यानात ठेव. अंपायरला न दिसलेलं काही नसतं. बराबर-चूक नंतर. आवाज मोठा ठेवायचा आन् ठोकून द्यायचं. आपण डगमगलो की पब्लिक डोक्यावर बसतं."

मी मान हलवली. सकाळी खरं बोललो म्हणून हसं झालं होतं, दुपारी ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढं मी मनात ठरवून टाकलं. दोष मी त्यांच्यावर ढकलत नाही. त्यांनी पुष्कळांना हाच सल्ला दिला असेल. मी तो कुठे वापरला, हे माझं आहे.

दुपारी फायनल होती. जालन्यातली एक शाळा, आमची नव्हे, दुसरी, आणि शहागडकडच्या एका गावातली शाळा. शहागडच्या बाजूच्या पोरी काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून आल्या होत्या, सगळ्यांचे टी-शर्ट सारखे पण खालच्या विजारी जिच्या तिच्या घरच्या. त्यांच्यात एक सडपातळ, लांब हातांची मुलगी होती. बॅट धरायची तर खुरपं धरल्यासारखी, पण चेंडू लागला की लांब जायचा. शेवटचा डाव, बरोबरी, दोन आऊट झालेले, म्हणजे तिसऱ्याला डाव संपणार, बेसवर कोणी नाही, आणि ती बॅटिंगला आली.

तिने मारलेला चेंडू दोन फिल्डरच्या मधून निघाला आणि मैदानाच्या टोकाला बाभळीची झुडपं होती तिकडे घरंगळत गेला. त्या मैदानावर ठरलेलं होतं की चेंडू झुडपांत शिरला तर दोनच बेस द्यायचे. म्हणून मी झुडपांकडे बघत राहिलो. हे कारण मी स्वतःला पुढे अनेकदा सांगितलं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. दोन अंपायर असले की प्लेटमागचा होम सांभाळतो आणि मैदानातल्याने पळणाऱ्याचे पाय बघायचे असतात. झुडपांकडे एक नजर टाकून मला परत वळता आलं असतं. मी वळलो नाही, कारण एक फिल्डर इतकी सुंदर पळत होती, की ती चेंडू गाठते की नाही हे मला बघायचं होतं. मी प्रेक्षक झालो होतो. तिने झुडपांच्या अलीकडे चेंडू गाठला, फेकला, आणि मी मान वळवली तेव्हा ती लांब हातांची मुलगी तिसऱ्या बेसकडे निघाली होती. दुसरा बेस तिच्या मागे होता. मधलं मी काही पाहिलं नव्हतं.

ती होमला पोचली. तिच्या मैत्रिणींनी तिला उचललं. त्यांचे सर टोपी उडवत मैदानात धावले. तेवढ्यात जालन्याच्या संघाची शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली फिल्डर, एक ठेंगणी, शांत मुलगी, चेंडू घेऊन दुसऱ्या बेसवर जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, अपील. तिनं सेकंड सोडला."

अपील अगदी नियमाप्रमाणे होतं. सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. प्लेटमागचे सर कंबरेवर हात ठेवून उभे होते. "मी पाहिलं नाही, म्हणून सेफ" एवढंच म्हणायचं होतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण त्यातलं "पाहिलं नाही" हे मला सकाळपासून टोचत होतं. शिवाय ती शॉर्टस्टॉप इतक्या खात्रीने बोलली होती, की मला वाटलं, हिने पाहिलंय तर झालंच असेल तसं. मी मूठ वर केली. "आऊट!"

तो तिसरा आऊट. रन गेली.

लांब हातांची मुलगी पळत माझ्याकडे आली. रडत नव्हती. तिला वाटलं असावं की काहीतरी गैरसमज झालाय, सांगितलं की मिटेल.

"सर, ठेवला ना मी पाय. खरंच ठेवला. हे बघा, बुटाला चुना."

तिने पाय उचलून बुटाचा तळ दाखवला. या मैदानावरही बेस म्हणजे चुना फासलेली पोतीच, आणि तळाला चुना होता. मी म्हणालो, "तो पहिल्या बेसचा पण असेल." तेही खरं होतं, आणि तेवढ्यापुरतं मला फार हुशारीचं वाटलं. तिच्या सरांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. "सर म्हणले ना आऊट? चल मागं." आमच्याकडे शिस्तीचे शिक्षक असेच असतात. जादा डावात त्यांचा संघ हरला.

नियमाचा अर्थ चुकीचा लावला तर अंपायरविरुद्ध तक्रार करता येते. पण पाय पडला की नाही हा डोळ्यांचा प्रश्न, त्यात अंपायरचा शब्द शेवटचा. म्हणजे माझं खोटं पूर्ण सुरक्षित होतं. प्लेटमागच्या सरांनी पाठीवर थाप मारली. "वा! आज अंपायर झालास." आणि खरोखरच त्यानंतर माझं नाव झालं. बेस सुटला की ह्यांच्या नजरेतून सुटत नाही, असं लोक म्हणायला लागले. भीतीपोटी मी पुढे इतकं डोळ्यांत तेल घालून बेस बघितले, की ते म्हणणं हळूहळू खरंही झालं. पाया मात्र त्या एका आऊटवर होता.

बायकोला मी हे लग्नानंतर लवकरच सांगितलं होतं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मंग जाऊन सांगा की तिला."

"कुठं शोधू? नाव-गाव काही आठवत नाही."

"शाळा आठवती ना? शाळेत विचारा."

मी वर्तमानपत्र उघडलं. शहागड काही परमुलखात नाही. बस जाते.

मागच्या वर्षी आमच्याकडे नव्या पंचांसाठी शिबिर झालं. वेगवेगळ्या तालुक्यांतले तरुण शिक्षक-शिक्षिका आले होते. अपिलाचं प्रकरण शिकवायला माझ्याकडे आलं, कारण या विषयात जिल्ह्यात माझ्याइतका जाणकार कोणी नाही असं सगळे मानतात. फळ्यावर चौकोन काढून मी सगळं समजावलं. मागच्या बाकावरच्या एका तरुण शिक्षकाने विचारलं, "सर, अपील आलं आन् आपण पाह्यलंच न्हाई, तर?"

"तर सेफ," मी म्हणालो. "पाहिलं नसेल तर आऊट देता येत नाही. पाहिलं नाही म्हणायला लाजायचं नाही."

हे वाक्य मी दर शिबिरात म्हणतो. त्या दिवशी ते म्हटल्यावर खिडकीजवळच्या बाकावरून एक शिक्षिका उठल्या. आष्टीच्या एका शाळेतल्या, असं त्यांनी सकाळी ओळख करून देताना सांगितलं होतं.

"सर, मी एक उदाहरण सांगू का? माझंच हाय."

"सांगा ना, मॅडम."

"मी शाळेत असताना जिल्ह्याच्या फायनलला होमरन मारला होता. आम्ही नाचून राह्यलो होतो. तर समोरच्या पोरीनं अपील केलं, की हिनं सेकंड सोडला. मला तर शप्पथ घेऊन वाटत होतं, की ठेवला पाय. पण अंपायरचं लक्ष होतं. एवढ्या गोंधळात त्यांनी बराबर पकडलं." त्या हसल्या आणि माझ्याकडे हात केला. "ते अंपायर म्हंजे हेच सर."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "सरांच्या नजरेतून सुटून दाखवावं कोणी!" मी त्यांच्या हातांकडे बघितलं. लांब होते. मी "बसा, बसा" म्हणालो आणि फळा पुसायला वळलो. फळ्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं, पुढचं सगळं त्याच चौकोनावर शिकवायचं होतं. मी तो पुसला आणि परत काढला.

जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. "ओळखलं न्हाई ना सर तुम्ही? मी तर नाव वाचूनच आले. म्हणलं, अंपायरिंग शिकावं तर ह्यांच्याकडूनच." त्यांनी माझ्या ताटात ज्वारीची भाकरी आणि ठेचा ठेवला. मी ठेचा भाकरीला लावत बसलो.

"त्या दिवशी वाईट वाटलं असेल," मी म्हणालो. आपण काय बोलतोय हे कळत होतं. अंदाज घेत होतो, दुसरं काय.

"लई. जीपमध्ये कोणीच बोलंना माझ्याशी. घरी गेले तर तिथंही तेच. मी म्हणायची, ठेवला होता. बाबा म्हणायचे, अंपायर खोटं बोलले का मंग? त्यांना तुझ्याशी काय दुश्मनी? चूक झाली तर झाली, पण कबूल करायला शिक. बरेच दिवस भांडले मी. शेवटी केलं कबूल, सगळ्यांम्होरं. म्हणलं, हां, सुटला असंल." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आजपण सर, डोळे मिटले की पायाखाली ते पोतं लागल्यासारखं वाटतं मला. पण मंग म्हणते, सर कशाला खोटं बोलतील? माझ्या पोरींना मी हेच शिकविते. आपल्याला वाटतं ते सोडा. अंपायरला दिसतं तेच खरं."

सामना गेला, पुढची निवड गेली, हे मी इतकी वर्षं मोजत होतो. हे माझ्या हिशेबात नव्हतंच. माझी चूक एका शाळकरी मुलीने घरच्यांसमोर कबूल केली होती. स्वतःच्या पायावरचा तिचा विश्वास मी काढून घेतला होता, आणि आता आष्टीतल्या मुलीही तेच शिकत होत्या. मी म्हणालो, "मॅडम, तुम्हाला एक..." तेवढ्यात आयोजकांनी हाक दिली, "चला सर, ग्राउंडवर! ऊन उतरायच्या आत प्रॅक्टिकल आटपून घेऊ." त्या डबा धुवायला उठल्या. खरं सांगायचं तर हाक आली म्हणून मला बरं वाटलं. आणि मैदानाकडे चालताना त्या बरं वाटण्याचीच मला शिसारी आली.

मैदानावर सगळे दुसऱ्या बेसभोवती गोळा झाले. मी कोणाला कुठे उभं करायचं ते सांगणार होतो. शिट्टी तोंडात होती. मी ती काढली.

"सकाळी मॅडमनी एक उदाहरण दिलं," मी म्हणालो. "ते अर्धं होतं. उरलेलं अर्धं मला सांगायचं आहे. त्या दिवशी मी या बेसकडे बघतच नव्हतो. मी चेंडूकडे बघत होतो. ह्यांचा पाय पडला की नाही, ते मला माहीत नव्हतं. अपील आलं तेव्हा सेफ द्यायला हवं होतं. पाहिलं नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून मी आऊट दिला."

सकाळी प्रश्न विचारणारा तरुण शिक्षक चाचरत म्हणाला, "सर, हे उदाहरणासाठी सांगून राह्यले का?"

"नाही. हे खरं आहे."

त्या माझ्याकडे बघत होत्या. आवाज अगदी हळू होता. "म्हंजे तुम्ही पाह्यलंच न्हाई?"

"नाही."

"मंग मी ठेवला होता पाय."

"ते मला सांगता येणार नाही, मॅडम. पडला असेलही, नसेलही. मला माहीत नाही, एवढंच मला माहीत आहे."

"तुम्हाला न्हाई सांगता येणार," त्या एकदम मोठ्याने म्हणाल्या. "मला येतं! ठेवला होता मी. डावा पाय. पोत्याच्या आतल्या कोपऱ्यावर. पोतं जरा सरकलं पण होतं." त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि वर आभाळाकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तोंड हसत होतं. मग हसू गेलं. "कबूल करायला लावलं हो सर मला. सगळ्यांम्होरं. बाबा तसेच गेले, पोरीनं खोटं सोडलं ह्या समाधानात. आता त्यांना कोण सांगणार?"

 

कोणीतरी वातावरण हलकं करायला म्हणालं, "मॅडम, करा मंग अपील!" दोघंतिघं हसले. त्या हसल्या नाहीत. "अपिलाची वेळ गेली," त्या म्हणाल्या. "पण बरं झालं सर. लई बरं झालं. मला वाटून राह्यलं होतं, की मलाच माझं कळत न्हाई." त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि मोठा श्वास सोडला, लांबून पळत येऊन थांबल्यासारखा.

मग मी डोक्यावरची टोपी काढली आणि जे आधीच म्हणायला हवं होतं ते म्हणालो.

"मॅडम, तुम्ही शाळेत होता तेव्हा मी तुम्हाला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. तुम्ही बूट दाखवत होता आणि मी वर हुशारी केली. तुम्हाला शोधणं अवघड नव्हतं. मी शोधलं नाही, कारण मला तोंड दाखवायचं नव्हतं. तुमच्या वडिलांसमोर जे मी म्हणायला हवं होतं ते तुम्हाला म्हणावं लागलं. चूक तुमची नव्हती, माझी होती. मला माफ करा. आणि जमलं तर तुमच्या पोरींना सांगा, की अंपायरनं पाहिलं नव्हतं."